गाळलेलं पाणी

रत्नाला माणसं फारशी आवडत नसत, आणि ज्यांच्या नमुन्यांवर तिचं पोट चालायचं ती तर मुळीच नाही. शहापूरच्या स्टँडमागच्या लॅबमध्ये बसून अकरा वर्षं तिने जगाचं रक्त, लघवी आणि बेडका पाहिला होता, आणि जगाला धड बाटलीही भरता येत नाही, असं तिचं ठाम मत झालं होतं. बेडका आणा म्हटलं की लोक लाळ आणायचे. उपाशीपोटी या म्हटलं की चहा-बिस्कीट खाऊन यायचे आणि वर जेवलो नाय म्हणून सांगायचे. वाशिंदहून रोज सकाळी निघतानाच तिच्या कपाळावर आठ्या असत, आणि त्या संध्याकाळी घरी पोचल्यावरही उतरलेल्या नसत.

पण डॉक्टर घरतांपुढे हे पेशंट परवडले, असं तिला वाटायचं. घरत ही लॅब चालवणाऱ्या संस्थेच्याच मुरबाडच्या छोट्या दवाखान्यात होते. तिथे तपासणीचं यंत्र नव्हतं, म्हणून तिथले नमुने सरळगाव, किन्हवली करत एसटीने शहापूरला येत, तेही पेशंटच्या नातेवाइकाच्या मांडीवर बसून. फुफ्फुसाभोवतीचं पाणी काढलंत तर जांभळ्या टोपणाच्या नळीत घाला, तिच्यात पाणी गोठू नये म्हणून औषध असतं, हे रत्नाने त्यांना तीनदा व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं. तिन्ही वेळा घरतांनी अंगठा पाठवला होता. पाणी मात्र सलाइनच्या रिकाम्या बाटलीतूनच आलं होतं. एवढं शिकून माणूस टोपणाचा रंग ओळखू शकत नाही, याची रत्नाला मनापासून कीव येई, आणि कीव आली की ती आणखी फटकून बोले.

मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा उठली त्या आठवड्यात बुधी आली. म्हशापलीकडच्या वाडीतली, पन्नाशीची, काटक बाई. तिचा नवरा पोश्या भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून धाप लागून परत आला होता. एक्स-रेत त्याची उजवी छाती अर्ध्यापर्यंत पांढरी दिसत होती. पाणी भरलं होतं हे उघड होतं, आता ते कशाने भरलं एवढंच कळायचं राहिलं होतं. टीबीने, काळजाने, लिव्हरने की आणखी कशाने, ते ठरल्याशिवाय औषध सुरू होणार नव्हतं, आणि ते ठरवायला घरतांनी त्याच्या पाठीत सुई घालून थोडं पाणी काढलं होतं. बुधीने ती बाटली पदराखालून काढून टेबलावर ठेवली.

"घरत डाक्तरनी दिलंय. माज्या दादल्याच्या पाठीतलं पानी हाय."

रत्नाने बाटली उजेडात धरली. पिवळसर पाणी होतं आणि त्यात वरपासून खालपर्यंत कोळिष्टकासारखं पांढरं जाळं लोंबत होतं. अर्थातच पुन्हा सलाइनची बाटली. दोन तास एसटीत हिंदकळून पाणी गोठलं होतं. असल्या नमुन्यातल्या पेशी मोजता येत नाहीत, यंत्राची नळी तुंबते, आणि नळी तुंबली की ती साफ करायची कुणी, तर रत्नाने.

"हे काय आणलंस?" ती म्हणाली. "घाण झालंय सगळं. चालणार नाही. परत काढायला सांग आणि या वेळी स्वच्छ आण. असलं जाळंबिळं दिसलं ना, तर दारातूनच परत पाठवीन."

"त्यात रोगच हाय ना बाय," बुधी हळूच म्हणाली. "मंग घान असंलच."

"मला शिकवू नकोस."

रत्नाने बाटली बेसिनमध्ये उपडी केली. जाळं जाळीवर अडकलं, तेव्हा तिने नळ मोठा सोडला. बुधी ते पाहत उभी राहिली. रिकामी बाटली तिने मागून घेतली आणि गेली. वाडीतली माणसं काहीही मागून नेतात, असं रत्ना मनात म्हणाली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पाच दिवसांनी बुधी पुन्हा आली. बाटली तीच होती, पण या वेळी पाणी नितळ होतं. रत्नाला स्वतःचंच कौतुक वाटलं. या लोकांना नीट झापलं की सगळं जमतं, गोड बोलणाऱ्यांच्या ते डोक्यावर मिरे वाटतात, हा तिचा जुना सिद्धांत होता. पाण्यात प्रोटीन अगदी कमी निघालं. टीबीची जी खास तपासणी असते, तिचा आकडाही खालीच राहिला. पेशी थोड्याच होत्या आणि त्यातल्या बऱ्याच फुटलेल्या होत्या. हे जरा विचित्र होतं, पण उन्हातून एसटीने आलेल्या पाण्याकडून आणखी काय अपेक्षा करायची? तिने रिपोर्ट टाइप केला.

दुपारी घरतांचा फोन आला. "पाणी पातळ आहे म्हणजे टीबी नाही, मॅडम. लिव्हर असणार. दारू."

"दारूच असणार, सर," रत्ना म्हणाली. "वाडीवरचे आहेत."

दोघांचं एकमेकांशी पटलेलं असं हे पहिलंच बोलणं होतं. पोश्याला पाणी उतरायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दारू सोड असा सल्ला मिळाला.

साडेतीन आठवड्यांनी बुधी तिसऱ्यांदा आली तेव्हा तीच आजारी वाटत होती. पोश्या आता बसूनच झोपतो, रोज संध्याकाळी अंग तापतं, बरगड्या मोजून घ्याव्यात इतका तो वाळलाय, असं तिने न विचारता सांगितलं. डाक्तर म्हणतात तो चोरून पितो. "पन तो दारूला शिवत नाय बाय. लहानपनापासून. वासानंच वकतो." रत्नाने न ऐकल्यासारखं केलं, कारण सगळ्यांचेच नवरे शिवत नसतात. बुधीने बाटली पुढे केली आणि जरा धीर करून म्हणाली, "या टायमाला दोनदा गाळलंय. जालं नाय ऱ्हायलं."

रत्नाचा हात तिथेच थांबला.

"काय केलंस?"

"गाळलं ना. मागल्या टायमाला एकदाच गाळलं होतं. पदरानं. आमी नदीचं पानी गाळतो तसंच." तिच्या आवाजात भीती होती आणि थोडी शाबासकीची आशाही होती. "जालं पदराला चिकटून ऱ्हायलं. पानी कमी झालं, मंग बोरिंगचं घातलं वरून. सोच्छ हाय बोरिंगचं, आमी तेच पितो."

रत्ना स्टुलावर बसली. अकरा वर्षांत कुणी नमुना गाळून आणला नव्हता, पाणी घालून वाढवला नव्हता. असा मूर्खपणा कुणाच्या डोक्यात तरी येईल का, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तो कुणी घातला होता ते तिला आठवलं. स्वच्छ आण. जाळं दिसलं तर दारातूनच परत पाठवीन. या बाईने तिचा शब्द न शब्द पाळला होता.

आणि मग तिला दुसरी गोष्ट आठवली, ती जास्त वाईट होती. डिप्लोमाच्या परीक्षेला तिने जे तोंडपाठ केलं होतं ते असं, की छातीतलं पातळ, नुसतं झिरपलेलं पाणी सहसा गोठत नाही. प्रोटीन भरलेलं, आतल्या सुजेचं पाणी गोठतं, आणि उभं कोळिष्टकासारखं जाळं धरलं तर आधी टीबीचा संशय घ्यावा. हा प्रश्न तिला दोन मार्कांना आला होता आणि दोन्ही मार्क मिळाले होते. घरतांच्या चुकीच्या बाटलीने जे आयतं उजेडात धरून दाखवलं होतं, ते तिने नळ मोठा सोडून घालवलं. लिव्हरचं पाणी, म्हणे. त्या पातळ पाण्यात लिव्हर नव्हतं आणि दारूही नव्हती, निम्मं बोरिंग होतं. स्वतःची एवढी शिसारी तिला कधी आली नव्हती.

तिने जांभळ्या टोपणाच्या आणि साध्या, दोन्ही नळ्या खिशात टाकल्या, लॅबला कडी घातली आणि बुधीबरोबर मुरबाडच्या एसटीत बसली. बुधीला वाटत होतं, आपण काहीतरी मोठा गुन्हा केलाय आणि ही बाई तक्रार करायला चालली आहे.

मुरबाडच्या दवाखान्यात पोश्या खाटेवर उशीवर कोपर टेकून बसला होता. प्रत्येक श्वासाला त्याचे खांदे वर जात होते. बोलणं त्याने सोडूनच दिलेलं दिसत होतं. रत्नाने घरतांना एवढंच सांगितलं की मागचा नमुना गाळलेला आणि पाणी घातलेला होता, परत काढा. घरतांनी कपाळावर हात मारला. पण सुई घालून पाणी काढलं, आणि रत्नाने ते स्वतः दोन्ही नळ्यांत घेतलं. साधी नळी तिने खिडकीत उभी ठेवली. तासाभरात तिच्यात वरून खाली जाळं उतरलं.

"जाळं धरलंय," ती म्हणाली. "बाकीचं मी आज तपासते. पण हे टीबीचंच दिसतंय, सर."

"महिना गेला ना फुकट," घरत म्हणाले. त्यांनी पोश्याच्या पाठीवर बोटं वाजवून पाहिली. "आत चिकटायला लागलं असणार. औषधाने रोग जाईल, पण हे फुफ्फुस आता पूर्ण फुगेल असं नाही. भट्टीचं काम विसरा." मग ते बुधीकडे वळले. "कुणी सांगितलं होतं गाळायला? डोकं आहे का? नवऱ्याला मारायला निघाली होतीस."

तो आवाज, ते 'निघाली होतीस', ओठांचा तो कोपरा, सगळं रत्नाच्या ओळखीचं होतं. ती रोज तसंच बोलायची. बुधीने एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि लगेच जमिनीकडे.

"मलाच काय कलत नाय डाक्तर," बुधी म्हणाली. "माजीच अक्कल."

रत्ना गप्प राहिली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. चूक बुधीची असं घरतांनी ठरवलं होतं, बुधीने मान्य केलं होतं, आणि पोश्याला बोलायला श्वास नव्हता.

"मी सांगितलं होतं, सर," ती म्हणाली. "स्वच्छ आण म्हणून."

"अहो, तुम्ही तुमच्या पद्धतीने सांगितलं असेल. यांना काही सांगायची सोय आहे का? तुमचा काय दोष त्यात?"

घरत हसले. तिच्या बाजूने कुणी इतकं पटकन उभं राहिल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि ते तिला सहन होईना.

"पहिल्या बाटलीत हेच जाळं होतं," ती म्हणाली. "महिन्यापूर्वी. ती मी बेसिनमध्ये ओतून दिली. ही तेव्हाच म्हणाली होती, की रोग आहे म्हणून घाण आहे. तिला कळलं होतं. मला नाही कळलं. तुम्हीही एकदा तरी नळी बरोबर पाठवली असती, तर पेशी तेव्हाच दिसल्या असत्या."

घरतांचं हसू गेलं. ते केसपेपर घेऊन टेबलाशी गेले आणि त्यावर काहीतरी लिहीत राहिले.

पोश्या उशीवरून मान न उचलता रत्नाकडे पाहत होता. त्याच्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. बुधीने त्याच्या पाठीवरची पट्टी हाताने दाबून बसवली, पदर खोचला, आणि मग खिडकीतल्या नळीकडे बघत घाबरत विचारलं, "म्हंजी आता घान असलं तरी चालंल ना बाय?"

"चालेल," रत्ना म्हणाली. "तुम्ही आणाल तसं चालेल."