एकाच फळाच्या बिया

गेल्या हंगामात दोचकाने एक टोमॅटो कापला आणि त्यातल्या बियांची चार रोपे केली. यंदा त्यांपैकी तीन रोपांना मुठीहून मोठी, गुलाबी फळे लागली. चौथ्याला लाल, आवळ्याएवढी.

तो टोमॅटो तिच्या वहिनीच्या, वेल्काच्या गॅलरीतला होता. गुलाबी वाण दोचकाच्या भावाचा. तो गेल्यापासून नणंद-भावजय शेजारशेजारच्या गॅलऱ्यांत, त्रोयान गावच्या नक्षीदार कुंड्यांमध्ये, हा वाण राखत आल्या होत्या. पितरांच्या शनिवारी दोघी मिळून त्याच्या कबरीवर जात. यंदा दोचकाने सांगून टाकले होते की ती एकटी जाईल.

मी वरच्या मजल्यावर राहतो. शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. वेल्का मला घेऊन दोचकाच्या गॅलरीत गेली.

"मास्तर, हिनं बाजारातलं बी खपवलं," दोचका म्हणाली. "माझ्या भावाचा वाण बुडवला."

"वन्सं, फळ तुम्ही तोडलंत, कापलंतही तुम्हीच. मी सुरीसुद्धा दिली नव्हती."

"मग टोमॅटोची बुद्धी फिरली म्हणायची?"

"फिरली असेल. तुमच्या घराण्यातलाच आहे."

अखंड फळाच्या आत कोणाला बी घालता येत नाही, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. मी पाने पाहिली. तिन्ही गुलाबी रोपांची पाने बटाट्यासारखी, सलग कडांची, चौथ्याची दातेरी. तशी दातेरी पाने त्या गॅलरीत आणखी एकाच झाडाला होती: टांगत्या टोपलीतल्या चेरी टोमॅटोला.

"हे कधीपासून लावता?"

"गेल्या वर्षीपासून. भाचीनं आणून दिलं. शोभेचं आहे ते, त्याचं काय?"

मी कठड्यापलीकडच्या वेल्काच्या कुंडीकडे वळलो. बहुतेक टोमॅटोंच्या फुलात स्त्रीकेसर परागकोशांच्या नळीत झाकलेला असतो, म्हणून वाण शुद्ध राहतो. या जुन्या वाणाचा तो नळीबाहेर डोकावत होता. शेजारी, त्याच कुंडीत, सब्जा फुलला होता. आमच्याकडे सब्जा खात नाहीत; तीर्थाचे पाणी शिंपडायला त्याची जुडी लागते, म्हणून मंजिऱ्या कोणी खुडत नाही. गेल्या वर्षीही तो तिथेच होता.

आम्ही तिघे दुपारभर बसलो. एक भुंगा सब्जावरून टोमॅटोच्या फुलावर गेला, कठड्यावरून टोपलीकडे आला आणि परत फिरला.

"म्हणजे माझ्याच टोपलीनं केलं?" दोचकाने विचारले.

"हो."

वेल्काकडे न पाहता ती म्हणाली, "शनिवारी मेणबत्त्या तू आण. कबरीवरच्या नैवेद्याचा गहू मी शिजवते."

गेल्या वर्षीचा भुंगा अर्थातच कोणी पाहिलेला नाही. पण पानांवरून निष्कर्ष एकच निघतो: सब्जासाठी आलेल्या भुंग्याने वेल्काच्या एका फुलावर चेरी टोमॅटोचे पराग आणले. त्या फळातल्या काही बिया त्या फुलाच्या स्वतःच्या परागांपासून झाल्या, काही या परक्या परागांपासून.