हवेचं भाडं

नाशिकरोडच्या पार्सल ऑफिसातल्या माणसानं काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेप काढली, झाकणाच्या टोपलीची लांबी, रुंदी, उंची मोजली आणि म्हणाला, "सव्वातीन किलो धरा."

"सव्वातीन?" पुष्पलता भडकली. "अहो, बांबूची हाय ती! अर्धा किलो भरते. उचलून तरी बघा."

"वजन कमी आणि जागा जास्त, तर जागेचं भाडं लागतं, बाई. तिथं दुसरा माल ठेवता येतो का आम्हाला?"

बरोबरच होतं त्याचं. म्हणून तर तिला जास्त राग आला.

नागपूरच्या दुकानवाल्या वनमालाबाईंनी पुष्पलताच्या पोशेरा गावातल्या बायकांकडे दोनशे टोपल्या मागितल्या होत्या. अट एकच : भाड्यासकट भाव शनिवारपर्यंत कळवायचा. पुष्पलतानं घरी एक टोपली तोलली, दोनशेनं गुणलं, रेल्वेचा किलोचा दर लावला आणि छाती काढून बायकांना सांगून टाकलं, "यंदा भात कापल्यावर ठाण्याला बांधकामावर कोणी जायचं नाय." तिच्या शब्दावर शेजारच्या पारूनं मुकादमाची उचल परत केली होती. आणि आता भाडं टोपलीच्या किमतीला जाऊन भिडलं होतं.

परतीच्या वाटेवर टेंपोवाला गोकुळ, तिचा चुलतदीर, गालात हसत होता.

"ट्रकनं सरळ नागपूरला टाकला माल तर?" तिनं विचारलं.

"तो अख्ख्या गाडीचे पैसे घेणार, वहिनी. गाडी अर्धीपण भरायची नाय. वर रिकामा परत येणार, तेपण तुझ्याच बोडक्यावर. जाताना हवेचं भाडं, येताना हवेचं भाडं!"

"दात काय काढतोस, मेल्या? या डोंगरातली माणसं वर्षानुवर्षं बांधकामावर टेंपोत कोंबून नेली, तेव्हा कोणी टेप लावली नाय. माणसाला जागा लागत नाय वाटतं! आमचा माल निघाला, की लगेच टेप!"

गोकुळनं गिअर बदलला.

घरी पोचली तर पारू ओट्यावर. सकाळी नेलेली टोपली परत द्यायला आली होती. पुष्पलतानं एका दमात सगळं सांगितलं. पारूनं टोपली पुढं सरकवली. तळाशी दोन मुठी नागली, म्हणजे नाचणी, होती.

"ही कशाला आता?"

"रिकामी टोपली कोणी परत देतं का, बाय? रीत हाय ती."

पुष्पलता नागलीकडे बघतच राहिली. मग एकदम ओरडली, "पारू! सव्वातीन किलोचं भाडं तर भरायचंच हाय. टोपली अर्धा किलोची. वरची पावणेतीन किलो नागली बिनभाड्याची जाते!"

"मग गच्च भरू."

"गच्च नाय. सव्वातीनच्या वर गेली, की तो पार्सलवाला काटा लावील. पिशवीत घालून तोलून भरायची."

खोडाळ्याच्या बाजारात व्यापारी हीच नागली नाक मुरडून पडेल भावात घेतो आणि शहरात तब्येतीचं धान्य म्हणून चौपटीनं विकतो. ते आठवलं आणि तिनं त्याच तिरमिरीत फोन लावला.

"मला टोपल्या हव्यात हो, धान्य नको," वनमालाबाई म्हणाल्या.

"रिकाम्या घ्याल तर भाडं टोपलीवर बसेल, दुप्पट पडतील. भरल्या घेतल्यात तर भाडं दोन मालांत वाटलं जाईल. गोड बोलायला येत नाय मला. हिशेब सांगते."

पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजली.

"नागली तुमच्या शेतातली?"

"माझ्या, पारूच्या, सगळ्यांच्याच."

"आधी पन्नास पाठवा, भरलेल्या. खपल्या, की उरलेल्या घेते."

पारूचा चेहरा उतरला. "पन्नासच? मुकादम परत आला तर काय सांगू?"

"सांग, हात कामात हायत. पन्नास खपेपर्यंत दीडशे विणून ठेवायच्यात."

टोपल्या टेंपोत चढवायच्या दिवशी गोकुळनं पहिली टोपली एका हातानं उचलायला घेतली आणि हाताला हिसका बसून तो जरा कलला. बायका खिदळल्या.

"वहिनी, हवा कुठं गेली?"

"खोडाळ्याच्या व्यापाऱ्याकडे," पुष्पलता म्हणाली. "यंदा त्याच्या पोत्यात तीच भरायची हाय. तू दोन्ही हातांनी उचल."