पापुद्र्याआडचे तांबे

मित्रांनो, मी एक जुना हीटसिंक आहे, अस्सल तांब्याचा. संगणकाचा प्रोसेसर कामाला लागला की तापतो. त्याची धग अंगावर घ्यायची आणि पंख्याच्या वाऱ्यावर सोडायची, एवढेच माझे काम. त्या कामासाठीच जन्मलो आणि पहिल्याच दिवशी नालायक ठरलो.

एका कारागिराने तांब्याच्या ठोकळ्यातून मला घडवले. बारीक पाती कापली आणि तळ इतका घासला, की त्यात त्याला स्वतःच्या मिशा दिसू लागल्या. कारखान्यात तेव्हा सगळे हीटसिंक अॅल्युमिनियमचे. मी चाचणीत खरा उतरलो तरच तांब्याचे काम चालू राहणार होते. नाहीतर कारागिराचे तांबे कापायचे यंत्र कायमचे बंद. म्हणून माझ्या तळाला बोटाचा डागही लागू नये, अशा मायेने त्याने वर पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवला.

चाचणी घेणारी बाई त्याची सख्खी वहिनी. कामात मात्र नात्यागोत्याला थारा न देणारी. अॅल्युमिनियमचे नग तिच्याकडे उघडेच येत. माझा पापुद्रा तिच्या ध्यानातच आला नाही. तिने त्यावरच धग वाहून नेणारी पेस्ट लावली, मला प्रोसेसरवर बसवले आणि चारही स्क्रू आवळले.

तो कोंडमारा काय सांगू! खाली प्रोसेसर भाजून निघत होता आणि माझ्यापर्यंत नुसती ऊब येत होती. कुणीतरी आतून हाका माराव्यात आणि दाराला बाहेरून कडी असावी, तशी आमची गत. हलता येईना, बोलता येईना. ऐंशी, नव्वद, पंच्याण्णव अंश! संगणक आपोआप बंद पडला. अॅल्युमिनियमने एकाहत्तरावर निभावले होते.

"भावजी, तुमचं तांबं नुसतंच देखणं हो," बाई हळूच म्हणाली.

"वहिनी, पुन्हा एकदा लावून बघा ना."

"घरी एक घास जास्त वाढेन. इथे नाही." तिने कागदावर 'नापास' लिहिले आणि तो साहेबांकडे पाठवलासुद्धा.

मला सोडवून कारागीर माझ्या तळाची पेस्ट फडक्याने पुसू लागला. पुसता पुसता त्याच्या नखाखाली पापुद्र्याची कड आली.

"अगंबाई!" बाईने कपाळाला हात लावला. "बिचाऱ्याला तोंड बांधून जेवायला बसवलं मी!"

"तोंड मीच बांधलं होतं वहिनी. सोडायचं सांगायला विसरलो."

"बसवताना डोळे माझे होते ना?"

पापुद्रा सोलून, नवी पेस्ट लावून तिने मला पुन्हा बसवले. काय सांगू, ती पहिली खरी धग पातीपातीत भिनली तेव्हा मी धन्य झालो! काटा बासष्टावर स्थिर राहिला. मग बाई स्वतः साहेबांपुढे गेली आणि 'नापास'खाली तिने आपल्या हाताने लिहिले, 'पहिली चाचणी माझ्या चुकीमुळे बाद.' कारागिराचे यंत्र चालूच राहिले.

तेव्हापासून मी संगणकाच्या एकाच पेटीत, चार स्क्रूंखाली राबतो आहे. सुरुवातीला लोक कौतुकाने झाकण उघडून बघत. आता पात्यांत धुळीचा थर बसला आहे, वारा शिरत नाही, जीव घुसमटतो. मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंवरून अधूनमधून ब्रश फिरवा. आणि कुणावर नालायकीचा शिक्का मारून बसला असाल, तर त्या बाईसारखी एक ओळ लिहायला लाजू नका. तिच्या त्या ओळीवर दोघांचा जन्म मार्गी लागला, कारागिराचा आणि माझा.