झऱ्याचं पाणी

"चार वर्सं तूच त्या पोरीला झऱ्यावर नेलंस. आता डोक्याला हात लावून काय व्हनार?" कार्मेल तळ्याकाठी नवऱ्यावर ओरडत होती.

सिरिल मेलेले रोहू टोपलीत भरत होता. सकाळी उठून बघतो तर मेलेल्या माशांनी तळं पांढरंफटक. वरच्या राहत्या टॉवरांचा सांडपाण्याचा नाला थेट आमच्या तळ्यात येतो. तळं गावाचं, पण मासे धरायचा ठेका सिरिलचा, त्यामुळे पोटावर पाय आला तो त्याच्याच.

चूक त्याचीच, हे मी शेजारी असून सांगतो. दर महिन्याला सरकारी खात्यातून ऋजुता नावाची मुलगी पाणी तपासायला बाटली घेऊन यायची. सिरिल तिला होडीत बसवून कोपऱ्यातल्या झऱ्यावर न्यायचा. तिथे तळ दिसतो. कागदावर पाणी चांगलं असलं की गिऱ्हाईक मासे घेतं, एवढंच त्याचं डोकं. आता नाला बंद करा म्हणून कचेरीत अर्ज घेऊन गेला, तर साहेबाने तेच चार वर्षांचे अहवाल पुढे टाकले. म्हणे, पाणी उत्तम आहे, मासे तुमच्याच खाद्याने मेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

पुढच्या खेपेला ऋजुता आली. मीही होडीत होतो. सिरिलने होडी नाल्याच्या तोंडाकडे वळवली.

"काका, जागा बदलली तर कारण लिहावं लागेल. आणि नमुना वाईट आला तर आधी मासेमारी बंद होईल."

"आन् नाला?"

"ते खातं वेगळं."

सिरिलचं वल्हं थांबलं. झऱ्यावर जावं तर मासे मरणार, नाल्यावर जावं तर धंदा. मला त्याची कीव आली, आणि रागही.

"लिव, बाय," तो शेवटी म्हणाला. "सिरिलनं चार वर्सं चांगलीच जागा दाखवली. आता हा वास घे आन् लिव."

तिने लिहिलं. नाकाला ओढणी लावून बाटली भरली.

पंधरवड्यात माणसं येऊन बोर्ड ठोकून गेली: पाणी दूषित, मासेमारीस मनाई. खांब पुरला तो नेमका सिरिलच्या होडीच्या जागेवर. नाला वाहतोच आहे.

सिरिलने बोर्ड दोनदा वाचला. मग होडीचा दोर त्याच खांबाला बांधला.

"कार्मेल, बघ गो. इतकी वर्सं होडीला खुंटा नव्हता. सरकारनं दिला."

कार्मेल हसली नाही. रिकामी टोपली उपडी घालून ती तिच्यावर बसून राहिली.