तोंड तेवढं बसचं

बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायला कंपनीकडे पूर्वी लिलावात घेतलेला लष्करी ट्रक होता. तो स्वतःच अधूनमधून बसकण मारायचा, मग त्यालाच आणायला कुणाचा तरी ट्रॅक्टर शोधायचा. पुढे नवीकोरी क्रेन आली, पण ती मालकाच्या मेव्हण्याच्या खडी क्रशरवर गेली ती गेलीच. तेव्हापासून कंपनीला शहाणपण सुचलं: म्हातारी बस मागून कापायची, ओढायचा लोखंडी दांडा जोडायचा, की झाली ब्रेकडाउन गाडी. तोंड तेवढं बसचं राहायचं.

गेल्या दिवाळीनंतर पाळी आली हरिओमच्या बसची. नांदूरघाटच्या फेरीवर त्याने तिच्यासोबत उमर घालवली होती. फेरी बंद झाली, बस कापली आणि हरिओमलाही तिच्यावरच ब्रेकडाउनला टाकलं. काही दिवस त्याला घास गोड लागला नाही. पण पोटापुढे कुणाचं चालतं?

त्या दुपारी तो घाटात बंद पडलेली बस ओढून चौसाळ्याच्या वर्कशॉपकडे निघाला होता. प्रवासी केव्हाच दुसऱ्या गाडीने गेले होते. मागच्या बसचं स्टेअरिंग धरून एकटा जीवन मेकॅनिक बसला होता. तिचे ब्रेक कामातून गेले होते. चढावरच्या वळणाआधी हरिओमने हॉर्न दिला, दोनदा आखूड, एकदा लांब. वळणापलीकडे बाभळीखाली मनकर्णाआजी चढायची, तिच्यासाठी लागलेली ही सवय. आजी आणि तिचा नवरा सिदूबाबा मेंढरं घेऊन दिवाळीआधीच दूर मुलखात गेले होते. तरी हात आपला हॉर्नवर जायचाच.

वळण घेतलं, तर बाभळीखाली आजी हात करून उभी! शेजारी सिदूबाबा छाती धरून बसलेला. एक टेम्पो नुकताच तिथून पुढे निघाला होता.

हरिओमचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच अडला. चढावर एकदा थांबलं की हे जुनं इंजिन दोन गाड्यांचं ओझं पुन्हा उचलत नव्हतं. मागे सरकलं तर जीवन बससकट दरीत.

“वर थांबतो, आजी! वर!” तो खिडकीतून ओरडला. मागची अख्खी रिकामी बस आजीच्या समोरून निघून गेली.

माथ्यावर त्याने गाडी उभी केली. जीवनने चाकांना दगड लावले आणि हरिओम उतारावर धावत सुटला. इतका लाचार तो जन्मात झाला नव्हता.

सिदूबाबाचं डोकं आजीच्या मांडीवर होतं.

“टेम्पोवाला नेत व्हता रे,” ती म्हणाली. “म्या म्हनलं, तू जा बाबा. आमच्या हरिओमची गाडी वाजली. त्यो आमाला टाकून कवा गेलाय का?”

हरिओमने सिदूबाबाच्या नाकाशी बोटं धरली. परत धरली. मग तो तिथेच मातीत बसला.

आजीने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला, पटका नीट केला.

“उठा आता,” ती सिदूबाबाला म्हणाली, “गाडी थांबली हाय वर. लई लांब न्हाई.”