टाचा

लाल रेघ बोटाच्या पेराएवढीही नव्हती. टीव्हीवरच्या त्या चित्राखाली ती थोडी पुढं सरकून थांबली होती, आणि तिच्यापुढं करडी. तुळशीरामानं ती पुन्हा बघितली. तिसऱ्या भागाची अकरा मिनिटं बघून झालेली. ‘भाताचं बघते’ म्हणून शकू उठली होती, रिमोटचं बटण तिनंच दाबलं होतं. भात झाला, गॅस बंद केला, आणि मग ओट्याशीच खाली बसली, ती उठलीच नाही... सव्वा महिना झाला.

“बाबा, शेवटचा भाग आला काल,” सून मनस्वी डबा भरता भरता म्हणाली. “आज सगळे बघून टाका. खुनी कोण ते मी सांगत नाही. पण आईंचं—”

“नको!” तो एवढ्या जोरात म्हणाला की तिच्या हातातला चमचा पडला.

आईंचं काय? बरोबर, की चूक? तिच्या तोंडावरून कळेल, म्हणून तिकडे न बघताच तो चपला घालून निघाला. पण बाहेर तरी कुठं सुटका होती! सलूनमध्ये बाजूच्या खुर्चीवरचा माणूस फोनवर त्याच मालिकेचं बोलू लागला, तेव्हा तुळशीराम अर्ध्या दाढीनिशी उठला. न्हावी बघतच राहिला. औषधांच्या दुकानातही तेच. गावाला आता दुसरा विषयच नव्हता की काय...

शकू सिनेमात माणसांचे पाय बघायची. तिच्या बापाचं उरणकडे मिठागर. लहानपणापासून खाऱ्या पाण्यात उभी राहिलेली, तिच्या टाचांच्या भेगा कधी मिटल्याच नाहीत. “मिठागरावरची बाई म्हणे! पाय बघा तिचे, लोण्यासारखे,” असं ती भर थिएटरात म्हणाली होती, आणि पुढच्या रांगेतली रडणारी माणसं मागं वळली होती. तो शरमेनं खुर्चीत खाली सरकला होता. आणि दुसऱ्या दिवशी तळ्याच्या कट्ट्यावर मित्रांना त्यानं तेच ऐकवलं होतं, स्वतःचं म्हणून. कोळीण पाटी अशी धरत नाही. इन्स्पेक्टर बूट घालून देवघरात कसा जातो? काशिराम म्हणायचा, तुळशीरामाची नजर बारीक.

या मालिकेत खून झालेल्याची एक बहीण होती, बारा वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिची चादर जरा सरकली आणि शकू ताडकन सरळ बसली. “अंथरुणावर पडलेलीच्या टाचा अशा फुटतात काय? ही चालते. हिनंच मारला त्याला.” त्यानंतर थोड्याच वेळानं भात... टाचांचं ते मनस्वीनंही ऐकलं होतं, आणि नंतर कट्ट्यावर त्यानं तेही स्वतःचं म्हणूनच सांगितलं होतं.

चूक निघालं तर काय होणार होतं? काही नाही. कोणाचं काय बिघडत होतं? तरी सकाळपासून छातीत धडधडत होतं. तिचं शेवटचं म्हणणं होतं ते. खोटं पडलं तर भांडायला ती नव्हती.

संध्याकाळी तो तळ्याच्या मागच्या बाजूनं चालला होता, तरी कट्ट्यावरून बुधाजीनं हेरलंच.

“काय रं तुळशीराम, तोंड चुकवून कुठं चाललास? आनि ही अर्धी दाढी कसली? ये, बस.”

काशिराम नव्या सिनेमावर तापला होता. “तीन तास नुसता काळोख! कोण कोणाला मारतो तेच दिसत नाय.”

“डोळे मिटल्यावर काळोखच दिसनार. घोरत व्हतास तू,” बुधाजी म्हणाला. आणि तुळशीरामाकडे वळून, “पन तुजा या टायमाला चुकला हां. बहीन नाय निघाली. डॉक्टर निघाला.”

झालं. दिवसभर जपलेलं एका वाक्यात गेलं.

“माझं नव्हतं ते,” तळ्यातल्या पाण्याकडे बघत तो म्हणाला. “शकूचं होतं. आजवरचं सगळंच तिचं. मी नुसता इथं आणून सांगायचो.”

काशिराम स्वतःच्या चपलांकडे बघू लागला. मग बुधाजी घसा खाकरून म्हणाला, “मंग त्या पोरीच्या टाचा कशानं फुटल्या? ता त्यांनी शेवटपर्यंत सांगितलाच नाय. वहिनीचा बरोबर आसल. मालिकावाल्यांनाच नाय समजला.”

घरी येताना तो मनातल्या मनात तिच्याशी बोलू लागला. चुकलीस... चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकलीस, आणि हे तिला सांगून आठ दिवस पिडायचं तर ती कुठं होती? म्हणाली असती, तुमी नीट बघितलाच नाय.

तो टीव्हीसमोर बसला. रेघ तिथंच होती. त्यानं अंगठा बटणावर ठेवला, दाबला नाही. धडधड अजून होतीच. पण आता तिच्याखाली दुसरंच काहीतरी हलत होतं, एक म्हणणं, कुणाकडून न आणलेलं... त्या टाचा रंगवलेल्या नसतील. ते काम करणाऱ्या पोरीच्याच असतील. पडद्यावर यायच्या आधी कुठंतरी अनवाणी चाललेली असेल ती, आणि चादर सरकली तेव्हा तिलाही कळलं नसेल. असं असेल? की तेही चूक?

“शकू, तिच्या स्वतःच्याच असतील गो त्या,” तो हळूच म्हणाला.

आणि ओट्याकडून उलट उत्तर यावं म्हणून कान देऊन बसला.