सत्तेचाळीस नंबरची सुट्टी

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. नाण्यापेक्षा थोडा मोठा, वरच्या बाजूला एक भोक, मधोमध आकडा सत्तेचाळीस. हसू नका! निघोज्याच्या एका कंपनीच्या गेटवर अकरा वर्षं इमानेइतबारे नोकरी केलीय मी. सुट्टीच्या दिवशीसुद्धा गेटवरच्या खिळ्याला लटकून असायचो. घर कसं असतं, ते मला ठाऊकच नव्हतं.

माझा जन्म भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधला. ज्ञानदेव नावाच्या कारागिरानं मला पत्र्यातून कापलं, कानशीनं कडा घासल्या आणि हातोडीनं आकडा ठोकला. साताला ठोका देताना त्याचा हात घसरला आणि खाली ओरखडा उठला. "आयला!" तो म्हणाला. पण मला भंगारात टाकणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं त्या ओरखड्यावर एक बारीक चांदणी कोरली. शंभर बिल्ल्यांत चांदणी फक्त माझ्यावर! काय तोरा होता मला! वाटलं, आता जो तो मला निरखून बघणार. कसलं काय! अकरा वर्षांत एकानं पाहिली असेल तर शपथ.

माझं काम सोपं. कंपनीत मशीनपाशी फोन न्यायचा नाही, असा नियम. कामगार आला की गेटवरच्या ज्योतीराम मामांकडे फोन देतो. मामा तो सत्तेचाळीस नंबरच्या खणात ठेवतात आणि मला त्याच्या हातात देतात. सुटताना मी परत, फोन परत. म्हणजे शिफ्टभर तो खणात कोंडलेला आणि मी खिशात बसून कॅन्टीनमधली चेष्टामस्करी ऐकणार. फोन नसला की माणसं किती बोलतात हो! गेटबाहेर पडली की पुन्हा सगळ्यांच्या माना खाली.

तीन वर्षांपासून मी नागसेनच्या खिशात असतो. तो प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबायच्या मशीनवर ऑपरेटर, राहायला मोशीला. माणूस लाखात एक, पण हल्ली त्याच्या जिवाला घोर लागला होता. त्याची लेक पिंकी तिसरीत. "पोरगी हुशार होती राव," जेवताना तो सांगायचा, "उंच म्हणून बाईंनी शेवटच्या बाकावर बसवली, तिथनं अभ्यासातलं लक्षच उडालं. फळ्यावरचं गणित चुकीचंच उतरवती. मी रागावलो, तर म्हणाली, पप्पा, मी ढ झाले का?" एवढं सांगून तो डबा झाकून टाकायचा. मला फार वाईट वाटायचं.

एका बुधवारी ओव्हरटाइम लांबला. कंपनीची बस सुटायला आली होती. नागसेन धावतपळत चढला आणि झालं! मोशीला उतरून त्यानं खिसा चाचपला, तर हाताला लागलो मी. फोन राहिला गेटवर. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बायकोच्या फोनवरून त्यानं गेटला फोन लावला.

"खणांना कुलूप लागलं, चावी साहेबांकडं, अन् साहेब गेले गावाला," ज्योतीराम मामा हसत म्हणाले. "उद्या गुरुवारची सुट्टी, कंपनी बंद. आता शुक्रवारीच ये भावा."

"बरं झालं!" त्याची बायको अंजली म्हणाली. "उद्या तरी घरात दिसाल."

सकाळी ती आपला फोन घेऊन ड्युटीवर गेली आणि आमचा नागसेन एकटा पडला. दर पाच मिनिटांनी हात खिशात, आणि दर वेळी हाताला मीच! शेवटी वैतागून त्यानं महिनाभर ठिबकणारा नळ दुरुस्त केला. दुपारी पिंकी शाळेतून आली. तिला घेऊन तो इंद्रायणीच्या काठावर जाऊन बसला. मला तो बोटांत फिरवत होता.

"पप्पा, काय आहे ते? बघू!" पिंकीनं मला घेतलं आणि थेट नाकाशी नेलं. "अय्या, ही चांदणी कुणी काढली?"

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! अकरा वर्षांनी! मला तर नाचावंसंच वाटलं.

"कुठली चांदणी?" म्हणत नागसेन वाकला. पण माझ्याकडे बघता बघता त्याची नजर तिच्या नाकावर गेली. "पिंके, एवढं जवळ का धरतेस?"

"मग दिसणार कसं?"

तो नदीकडे वळला. मग समोर बोट दाखवून म्हणाला, "तो बघ खंड्या. निळा निळा. तारेवर बसलाय."

"कुठली तार?"

नागसेन उठला, पंधरा पावलं लांब गेला आणि मला उंच धरलं. "नंबर सांग!"

"सत्तेचाळीस! मघाशीच वाचला की!"

पोरगी ढ असती तर असं उत्तर आलं असतं का? त्यानं मला मुठीत घेतलं आणि दुसरा हात वर केला. "आता बोटं किती?"

"हात दिसतोय, पप्पा. बोटं नाही दिसत."

नागसेन तसाच पळत आला आणि त्यानं तिला कवटाळलं. "तू ढ नाहीस गं. ढ तुझा बाप! तुला फळाच दिसत नाही, आणि मी तुलाच रागावत बसलो."

पिंकी चकित होऊन बघत राहिली. "म्हणजे... बाकीच्यांना तिथून फळा दिसतो?"

त्याच संध्याकाळी डोळे तपासून झाले. शुक्रवारी मी गेटवर परतलो. वाटलं, संपली आपली सुट्टी. पण पुढच्या बुधवारी नागसेन फोन न घेताच निघाला.

"अरे, तुझा फोन!" ज्योतीराम मामा ओरडले.

"राहू द्या मामा. उद्या पोरीचा चष्मा मिळणार आहे. बिल्लाच नेतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा काठावर. पिंकीनं चष्मा लावला आणि मान वळवून वळवून सगळीकडे बघितलं. मग एकदम सुरू झाली. "तार दिसली! तारेवर दोन पक्षी आहेत! पप्पा, लांबच्या झाडाला पण पानं असतात!" आणि मग चार पावलांवर उभ्या बापाकडे वळून, "अय्या पप्पा, इथून पण दिसतायत तुमच्या मिशीतले पांढरे केस!"

नागसेन हसता हसता डोळे पुसत होता.

फोनवर माझा राग नाही, मित्रांनो. तो माझा खणातला शेजारी, कामाचा आहे बिचारा. पण आठवड्यातून एक दिवस त्याला कोंडून ठेवा आणि आपल्या माणसांकडे बघा. कुणी पुस्तक नाकाशी धरत असेल, तर त्याची घंटी काही तुमच्या फोनवर वाजणार नाही. आणि हो, रोज हाताळता ती एखादी जुनी वस्तूही जरा उलटसुलट करून बघा. तिच्यावर कुठंतरी एक चांदणी असेल, आणि कुणीतरी बघेल म्हणून ती अकरा वर्षं वाट पाहत असेल.